कोटीतले सातशे

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

तांदूळ निवडतात आणि पारिजातकाची फुलं वेचतात. मराठीनं हे दोन शब्द उगाच वेगळे ठेवलेले नाहीत. तांदूळ निवडणारी बाई नको तेवढं बाजूला काढते, चार खडे, दोन साळी. बाकीचं सगळं डब्यात जातं. फुलं वेचणारी मुलगी हवी तेवढी उचलते आणि उरलेला सडा तिथंच सोडून घरात येते. मी बावीस वर्षं पुण्यातल्या एका छोट्या दिवाळी अंकासाठी साहित्य निवडण्याचं काम केलं. निवडण्याचं म्हणजे, तसं मी सगळ्यांना सांगत असे. प्रत्यक्षात करत होते ते वेचणं. हा फरक मला ज्याच्यामुळे कळला, त्या मुलाची गोष्ट आज सांगायची आहे.

अंक मोठा नव्हता. एका महिला मंडळाचा, शंभरेक पानांचा. जाहिराती ओळखीच्या दुकानदारांच्या आणि विक्री बरीचशी भिडेखातर. का. र. मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी माणसाला फराळाच्या ताटाशेजारी अंक लागतो, त्या पुण्याईवर आमचंही निभावून जायचं. मी शाळेत मराठी शिकवायची, शुद्धलेखनाबद्दल कडक म्हणून ओळखली जायची, म्हणून निवडीचं काम माझ्या गळ्यात पडलं. मला ते आवडायचंही. तांबडी पेन्सिल हातात असली की माणसाला आपण फार न्यायी आहोत असं वाटू लागतं.

१९८७ च्या अंकात आम्ही 'आजीच्या ओव्या' असा विभाग करायचं ठरवलं. घरोघरची जाती बंद पडून बरीच वर्षं झाली होती, गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या होत्या, आणि ज्या बायकांना ओव्या येत होत्या त्या म्हाताऱ्या होत चालल्या होत्या. वर्तमानपत्रात चार ओळींचं निवेदन दिलं. वाटलं होतं पंधरा-वीस पत्रं येतील. आल्या दोन कापडी पिशव्या भरून. पेठांमधून आल्या, हडपसर-सासवडकडून आल्या, मुळशी, भोर, शिरूर, नगर जिल्ह्यातून आल्या, बेळगावहून एक जाडजूड पाकीट आलं. अक्षरं बहुतेक शाळकरी मुलांची. आईला किंवा आजीला लिहिता येत नाही, तेव्हा तिनं सांगायचं आणि नातवानं लिहायचं. काहींनी तर मधेच लिहिलं होतं, "आजी आता झोपली, उरलेल्या उद्या."

विभागासाठी पानं मिळाली सहा. सहा पानांत चाळीस ओव्या बसत होत्या.

मी त्या चाळीस कशा काढल्या ते सांगते, कारण त्यात लपवण्यासारखं आहे आणि ते मी बरीच वर्षं लपवलं. चालीत न बसणाऱ्या पहिल्यांदा गेल्या. मग एकसारख्या गेल्या. दहा बायकांनी तीच ओवी एखाद्या शब्दाच्या फरकानं पाठवली असली की मला बरी वाटेल ती एक ठेवून उरलेल्या नऊ बाद. नवऱ्याच्या माराच्या, सासूच्या जाचाच्या बऱ्याच होत्या. मंडळातल्या एक बाई म्हणाल्या, दिवाळीचा अंक आहे, घरात सगळे वाचतात. मी मान डोलावली. बाबासाहेबांवरच्या ओव्या आल्या होत्या, त्यांना कुणी तरी "या राजकीय होतील" म्हणालं. मी त्यालाही मान डोलावली. दुष्काळी कामावर खडी फोडतानाच्या होत्या, १९७२ सालच्या असाव्यात. त्या मला ओव्या वाटेचनात. ओवी म्हणजे कशी, माहेरचा रस्ता, तुळशीवृंदावन, पंढरीची वाट, पाठीराखा भाऊ. साने गुरुजींचं 'स्त्रीजीवन' वाचून मोठी झालेली मी. माझ्या डोक्यात ओवीचा एक साचा पक्का होता, आणि पिशवीतून मी साच्यात बसणारं तेवढं उचलत गेले.

एक ओवी मात्र अजून डोळ्यांसमोर आहे. मुळशी तालुक्यातल्या एका वहीतली. हो, वहीच होती. शंभर पानी, वरच्या पुठ्ठ्यावर शाळेचं नाव, आत शेवटच्या पानापर्यंत ओव्या. त्यातली एक भावाची होती. बहीण जात्यावर बसलेली, भाऊ भेटीला यायचा आहे, नेहमीचंच. पण हा भाऊ एसटीनं येत होता. मला हसू आलं. ओवीतला भाऊ घोड्यावरून यावा, फार तर बैलगाडीतून. एसटीनं येणारा भाऊ म्हणजे कुणी तरी अलीकडे घातलेली भर, असं म्हणून मी तिच्यावर तांबडी रेघ ओढली आणि शेजारी लिहिलं, "अस्सल नाही."

त्या वहीतल्या तीन ओव्या छापल्या. विभागाच्या शेवटी 'संकलन' म्हणून माझं नाव होतं. ओव्या पाठवणाऱ्यांची नावं जागेअभावी घेतली नव्हती. पुढच्या वर्षी मंडळाची खोली बदलली, तेव्हा दोन्ही पिशव्या रद्दीत गेल्या. वजनावर.

१९९४ सालच्या पावसाळ्यानंतर एक तरुण मुलगा पत्ता शोधत घरी आला. पिरंगुटकडच्या एका कारखान्यात कामाला होता. त्या वहीतलं अक्षर त्याचं. तेव्हा तो सातवीत होता, आई सांगायची आणि तो लिहायचा. आई त्याच पावसाळ्यात गेली होती. तो म्हणाला, "बाई, ती वही मिळंल का?"

मी त्याला बसायला सांगितलं, पाणी दिलं, आणि खोटं बोलले. म्हटलं, शोधते. मग त्याच्याकडे बघून तेही निभेना. खरं काय ते सांगितलं. तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं विचारलं, "छापलेल्या किती?" मी अंक काढून तीन ओव्या दाखवल्या. त्यानं त्या बोटानं शोधत वाचल्या. म्हणाला, "वहीत दोनशे चौदा व्हत्या. मी आकडे टाकलेले." मग जरा वेळानं त्यानं विचारलं, "हितं आईचं नाव कुठंय?"

त्या दिवशी मी एक कोरी वही काढली आणि त्याला म्हटलं, आठवतील तेवढ्या सांगा. आपल्याकडे म्हणतात, जात्यावर बसलं की ओवी सुचते, आणि ते अगदी शब्दशः खरं आहे. बायकांना नुसतं 'ओवी म्हणा' म्हटलं तर आठवत नाही. हात खुंट्यावर गेला, जात्याच्या तोंडात घास पडला, घरघर सुरू झाली की एकामागून एक येतात. हा तर मुलगा. आईच्या मांडीवर झोपून ऐकलेलं, नंतर लिहिलेलं. खुर्चीत बसून त्याला काही आठवेना. शेवटी तो खाली जमिनीवर बसला, डोळे मिटून उजवा हात गोल फिरवू लागला. अकरा ओव्या आल्या. पुढे येईनात. जाताना त्यानं अंकाच्या दोन प्रती विकत मागितल्या. मी पैसे घेतले नाहीत, एवढंच काय ते माझं औदार्य.

तेव्हापासून कुणी काही निवडलं, संकलित केलं, संपादित केलं असं वाचलं की मला पहिला प्रश्न पडतो तो उरलेल्याचा. त्याचं पुढे काय झालं?

आपल्या मुलखातला सगळ्यात जुना संकलक म्हणजे सातवाहन राजा हाल. त्याची 'गाथासप्तशती' महाराष्ट्री प्राकृतात आहे, म्हणजे आपल्या मराठीच्या आजीच्या भाषेत. परंपरेनं तिचा काळ इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकात धरतात, पुढेही तिच्यात भर पडत गेली असं अभ्यासक सांगतात. गोदाकाठची खेडी, नांगरधारी, त्यांच्या बायका, पाऊस, विरह, चोरून भेटी, सासरची धुसफूस, सगळं दोन-दोन ओळींत. राजानं निवडलं, पण राजवाड्यातलं फारसं नाही. आरंभीच्या एका गाथेत सांगितलं आहे की कविवत्सल हालानं कोटी गाथांमधून या सातशे घेतल्या. कोटी हा आकडा शब्दशः घ्यायचा नाही हे मलाही कळतं. पण शिक्षिकेची खोड आहे, मी वजाबाकी करून पाहिली. उरल्या नव्व्याण्णव लाख नव्व्याण्णव हजार तीनशे. त्या कुणाच्या होत्या, कशाबद्दल होत्या, काही माहीत नाही. हालाला कविवत्सल म्हणतात ते सातशेंच्या बाजूनं. उरलेल्यांना विचारायची सोय नाही.

तरी हालाच्या परंपरेनं एक गोष्ट माझ्यापेक्षा चांगली केली. जुन्या टीकाकारांनी आणि प्रती उतरवून घेणाऱ्यांनी अनेक गाथांशेजारी कवीचं नाव नोंदवून ठेवलं. त्यात रेवा, पहई, अनुलच्छी, रोहा, माधवी अशी बायकांचीही नावं आहेत. त्या कोण, कुठल्या, माहीत नाही. पण नाव उरलं. पुण्यात १९५६ साली स. आ. जोगळेकरांनी सप्तशतीची मोठी मराठी आवृत्ती काढली. पुढे केव्हा तरी ती हाती आली तेव्हा ही नावं वाचताना मला मुळशीच्या त्या बाईची आठवण झाली. अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वीच्या रेवेचं नाव टिकलं आणि १९८७ सालातल्या बाईचं सहा पानांच्या जागेअभावी गेलं.

आणखी एक गंमत सप्तशतीत आहे. हालानं सातशे निवडल्या खऱ्या, पण पुढे प्रती करणाऱ्या प्रत्येकानं आपापली निवड केली. वेगवेगळ्या प्रती समोर ठेवल्या तर सगळ्यांत समान अशा गाथा साधारण चारशेतीसच भरतात, आणि सगळ्या प्रतींमधल्या मिळून हजाराच्या जवळ जातात. संकलन एकदा झालं म्हणजे संपलं असं नसतं. पुढचा माणूस पुन्हा निवडतो. फक्त त्याच्या हाताशी काही तरी उरलेलं असावं लागतं.

पुण्याची निवडीची परंपराही मोठी आहे. १८५४ साली परशुरामपंत तात्या गोडबोल्यांनी मराठी कवितांचे वेचे काढून 'नवनीत' सिद्ध केलं. नावच पाहा, ताक घुसळून वर आलेलं लोणी. आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या, शाळांमधून पिढ्या त्याच्यावर वाढल्या. संत होते, पंडित होते. जात्यावर बसणारी बाई त्यात नव्हती, आणि असावी असं तेव्हा कुणाला वाटण्याचं कारणही नव्हतं. तात्यांना मी दोष देत नाही. त्यांनी वेचे काढले नसते तर त्यातलं किती तरी शाळकरी पोरांच्या कानावर पडलंच नसतं. निवडणाऱ्याशिवाय चालत नाही, हेही मला आज तितकंच ठासून सांगायचं आहे. हल्ली लोक म्हणतात, सगळंच ठेवा, सगळंच छापा, कोण तुम्ही ठरवणारे? बोलायला सोपं आहे. दोनशे चौदा ओव्या एकापाठोपाठ एक वाचायला बसा म्हणजे कळेल. पंचविसावीला डोळे पेंगतात. कुणी तरी एक ओवी उचलून हातावर ठेवावी लागते, म्हणावं लागतं, ही वाच.

मग करायचं काय? या प्रश्नाचं मला पटलेलं उत्तर माझ्या घरापासून चालत पंधरा मिनिटांवर होतं, आणि मी रोज त्याच्यावरून जात होते.

भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानं १९१९ साली महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली. १९२५ पासून डॉ. वि. स. सुखटणकर त्याचे प्रमुख संपादक झाले, १९४३ साली ते गेले, पुढच्यांनी काम चालू ठेवलं आणि १९६६ साली ते पुरं झालं. सत्तेचाळीस वर्षं. देशभरातून आणि बाहेरून १,२५९ हस्तलिखितं तपासली, काश्मीरची शारदा लिपीतली, केरळची मल्याळम लिपीतली, बंगाली, तेलुगू, ग्रंथ, देवनागरी. प्रत्येक हस्तलिखित म्हणजे कुणा ना कुणा लेखनिकानं केलेली निवड. कुणी गाळलं, कुणी आपल्याकडची गोष्ट घुसडली. यातून एक संहिता ठरवायची म्हणजे निवड करायचीच होती आणि ती संपादकांनी निष्ठुरपणे केली. किती निष्ठुरपणे? व्यासांनी सांगितलं आणि गणपतीनं लिहिलं, ही आपल्या सगळ्यांच्या बालपणातली गोष्ट मुख्य संहितेतून बाहेर गेली. गणपतीच्या पुण्यात बसून हे करायला धाडस लागतं!

पण बाहेर गेली म्हणजे कुठे गेली? रद्दीत नाही. त्याच ग्रंथाच्या परिशिष्टात गेली. तो ग्रंथ उघडून बघा. वर संहितेचे काही श्लोक, आणि खाली बारीक टाइपात तळटीपा. कुठल्या हस्तलिखितात कुठला पाठ आहे, कुणात ओळ जास्त आहे, कुणात नाही. पुष्कळ पानांवर खालचा मजकूर वरच्यापेक्षा जास्त. नाकारलेला प्रत्येक पाठ, तो कुठून आला त्याच्या खुणेसकट, तिथं बसवलेला आहे. उद्या एखाद्याला वाटलं की सुखटणकरांचा निर्णय चुकला, तर ते दाखवून द्यायला लागणारी सामग्री सुखटणकरांनीच त्याच्या हातात ठेवली आहे. संपादकानं स्वतःविरुद्धचा पुरावा जपून ठेवायचा! मी शाळेच्या सहलीत मुलींना घेऊन ती इमारत पाच-सहा वेळा दाखवली होती. ग्रंथ उघडून तळटीपा बघितल्या त्या मुलगा येऊन गेल्यानंतर.

महाभारत झालं, पण जात्यावरच्या बाईचं काय? तर तिच्यासाठीही हे काम पुण्यातच झालं, आणि मी तांबडी पेन्सिल चालवत होते त्याच सुमारास चाललं होतं. हेमा राईरकर आणि फ्रान्समधून येऊन पुण्यात स्थायिक झालेले गी पॉइटवां, या दोघांनी. त्यांची संस्था सेंटर फॉर कोऑपरेटिव्ह रिसर्च इन सोशल सायन्सेस. मुळशी, मावळ या डोंगरी भागात गरीब डोंगरी संघटनेचं काम करणाऱ्या बाया आपापल्या गावात, सोयऱ्याधायऱ्यांत जाऊन ओव्या गोळा करू लागल्या. परका माणूस टेपरेकॉर्डर घेऊन आला की बाई लाजते. शेजारची आली की ती बोलते. बघता बघता हे काम पुणे जिल्ह्याबाहेर पसरलं. हजाराहून अधिक गावं झाली आणि ओव्यांचा आकडा एक लाखाच्या वर गेला. त्यातल्या बहुतेक हातानं लिहून घेतलेल्या. पुढे १९९५ नंतर बर्नार्ड बेल या संगीत-अभ्यासकाच्या साहाय्यानं शंभराहून अधिक तासांचं ध्वनिमुद्रणही झालं. बायका चालीला 'गळा' म्हणतात. ओवी तीच, गळा वेगळा. कागदावर तो उतरत नाही.

या लाखभर ओव्यांचं त्यांनी जे केलं ते मला महत्त्वाचं वाटतं. चांगल्या-वाईट असे ढीग केले नाहीत. विषयांप्रमाणे लावल्या: आई, लेक, भाऊ-बहीण, सासर, सीतेचा वनवास, विठ्ठल, नवऱ्यानं टाकलेली बाई, बाबासाहेब. बीड जिल्ह्यात माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांनी म्हटलेल्या आंबेडकरांवरच्या ओव्या त्यात आहेत. ज्यांना आमच्या मंडळात 'राजकीय' म्हटलं त्याच जातीच्या. ओवीला क्रमांक, गाव, तालुका आणि म्हणणाऱ्या बाईचं नाव. आणि जिथं मी दहातल्या नऊ बाद करत होते तिथं त्यांनी दहाही ठेवल्या. कारण ज्याला मी एखाद्या शब्दाचा फरक म्हणत होते, तो शब्द त्या बाईचा स्वतःचा होता. बाकी सगळी ओवी आईकडून, आजीकडून, शेजारणीकडून आलेली. तेवढा एक शब्द तिनं बदलला. दुसरं काही तिच्या मालकीचं घरात असेलच असं नाही.

पॉइटवां २००४ साली गेले. हा संग्रह कपाटात बंद राहिला असता तर माझ्या पिशव्यांत आणि त्यात फरक फक्त वजनाचा उरला असता. पण २०१७ साली 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया' या पी. साईनाथांनी सुरू केलेल्या संस्थेनं तो हाती घेतला आणि ओव्या थोड्या थोड्या करून लोकांसमोर यायला लागल्या. गायिकांच्या गावी पुन्हा जाऊन, ज्या हयात आहेत त्यांना भेटून, फोटो काढून. म्हणजे आता तिथंही कुणी तरी निवडतंच आहे. लाखातल्या दहा-पंधरा एका वेळी. पण मागे लाख शाबूत आहेत. आज कुणाला न आवडलेली ओवी वीस वर्षांनी दुसऱ्या कुणाला हवी झाली तर ती जागेवर आहे.

आता त्या एसटीबद्दल. मी जिला अस्सल नाही म्हणून खोडलं त्या ओवीचं मोल मला नंतर कळलं. राज्याच्या एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला धावली, आपल्या पुण्याहूनच, नगरला. म्हणजे ती ओवी त्यानंतरची. मुळशीच्या डोंगरात गाडी पोचायला आणखी काही वर्षं गेली असणार, म्हणजे आणखी अलीकडची. ओव्या फार क्वचित आपली तारीख सांगतात. ही सांगत होती. एका बाईनं आईकडून आलेल्या ओवीतला घोडा उतरवला आणि आपल्या डोळ्यांनी पाहिलेली गाडी तिच्यात बसवली, कारण तिचा भाऊ खरोखर त्या गाडीनं यायचा. तिनं खरं ते सांगितलं होतं. मला जुनं हवं होतं.

२०१८ साली माझ्या भाचीनं मला या संग्रहातल्या ओव्या शोधून ऐकवायला सुरुवात केली. मी मुळशीतली गावं सांगायची, ती शोधायची. त्या मुलाच्या गावाशेजारच्या गावातली एक ओवी निघाली, भावाचीच. माझा ऊर धडधडला. त्याचा नंबर माझ्याकडे होता. दर दिवाळीला त्याचा फोन येतो. आता तो चाळिशी ओलांडलेला, कारखान्यात सुपरवायझर, मुलगी कॉलेजात. मी फोन लावला आणि म्हटलं, ऐका, तुमच्या आईची सापडली बहुतेक.

त्यानं शेवटपर्यंत ऐकली. पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाला, "न्हाई बाई. ही आईची न्हाई. हिच्यात घोडा हाय. आईचा भाऊ एस्टीनं यायचा." आणि मग त्यानं ती पूर्ण म्हटली, फोनवर, चालीसकट. १९९४ साली अकरा आठवल्या तेव्हा ही त्याला आठवली नव्हती, आणि मला अर्धीमुर्धी आठवत असूनही मी तोंड उघडलं नव्हतं.

मी त्याला थांबवून पुन्हा म्हणायला लावलं आणि लिहून घेतली. ती कोरी वही मी ठेवली होती. अकराव्या ओवीखाली बारा असा आकडा टाकला. खाली त्याच्या आईचं नाव, गाव, तालुका मुळशी. खोडाखोड न करता.